तीनदा दाबलेलं बटण

मी एक जुना फोन आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेलाय, पाठीचं झाकण रबरबँडने बांधलंय आणि माझी बॅटरी दोन तासांत मान टाकते, हे सगळं खरं आहे. पण इराणातल्या या अख्ख्या काशान शहरात माझ्याइतकी खरेदी केलेला फोन दुसरा नसेल! आणि गंमत म्हणजे त्या सगळ्या खरेदीत खरा पैसा फक्त एकदाच गेला. त्या एकदाच्या खरेदीनेच सगळा घोळ उघडकीला आला, तीच गोष्ट तुम्हाला सांगतो.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. मी एका सरकत्या पट्ट्यावर उताणा पडलो होतो आणि कोणी मला कान बसवला, कोणी डोळा बसवला, एवढंच ध्यानात आहे. मग खोक्यात बसून मी काशानच्या बाजारात आलो. तिथून माहरुखने मला घरी नेलं. ती तेव्हा कॉलेजात शिकत होती. पहिले सहा महिने ती मला डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने दिवसातून दहा वेळा पुसायची. चार वर्षं तिने मला हातातून खाली ठेवलं नाही. मग नवा फोन आला, आणि माझी रवानगी झाली खणात. तिथे माझ्या सोबतीला संपलेले सेल होते, कुठल्याच कुलुपाला न लागणाऱ्या किल्ल्या होत्या आणि एका पायाचा चष्मा होता. दोन वर्षं मी तिथे काढली. वाईट वाटायचं हो, खोटं कशाला बोलू!

मला खणातून बाहेर काढलं ते खालामुळे.

खाला म्हणजे माहरुखची मावशी, तूबा-खानूम; खानूम म्हणजे बाई. गालिच्याच्या कारखान्यात तिने तीस वर्षं नक्षा म्हटला होता. नक्षा म्हणणं म्हणजे काय, तर मागावर वीस बायका ओळीने बसलेल्या असतात आणि एक जण चौकटींच्या कागदावरची नक्षी बघून कुठल्या रंगाच्या किती गाठी मारायच्या ते गाऊन सांगते. "दोन लाल, एक पिस्तई, तीन मोतिया, पुढे चला गं!" खालाचा आवाज असा होता की तिने हाक मारली की बोटं आपोआप चालायची. पुढे तो कारखाना बंद पडला. बायका आपापल्या घरी माग लावून एकेकट्या विणू लागल्या, आणि खालाच्या गळ्याला काम उरलं नाही. ती स्वयंपाकघरात राजमा निवडताना "दोन लाल, एक पांढरा" असं गुणगुणायची. माहरुखला ते ऐकवत नसे.

माहरुख तोवर फोनसाठी ॲप बनवायला शिकली होती. तिने खालाच्या आवाजाचं एक ॲप बनवलं. कागदावरच्या नक्षीचा फोटो काढून त्यात घातला की खालाचा आवाज एकेक गाठ सांगत जायचा. थांब म्हटलं की थांबायचा, पुन्हा म्हटलं की पुन्हा सांगायचा. वर्षभर ते फुकट होतं. काशान आणि शेजारच्या आरान गावातल्या चाळीसएक बायका त्यावर विणू लागल्या. खालाच्या चालण्यात पुन्हा ऐट आली. पण तो आवाज जिथे साठवला होता त्या जागेचं भाडं माहरुख स्वतःच्या पगारातून भरत होती. शेवटी एक दिवस ती म्हणाली, "खाला, आता बायकांकडून महिन्याची वर्गणी घ्यावी लागेल. तीस जणींनी भरली तरी भाडं निघेल. नवरोजच्या नव्या वर्षापर्यंत जमलं नाही, तर ॲप बंद करावं लागणार."

खालाने राजम्याचं ताट बाजूला सारलं. एकदा तिचा आवाज बंद पडला होता. दुसऱ्यांदा पडला असता तर ती राजमा निवडतानाही काही गुणगुणली नसती.

मग माहरुखने खण उघडून मला बाहेर काढलं. का, सांगू? नव्या कोऱ्या फोनवर काहीही पळतं. पण विणणाऱ्या बायकांकडे माझ्यासारखेच फुटके-तुटके फोन होते. "याच्यावर चाललं, तर अख्ख्या इराणात चालेल!" असं ती म्हणाली, आणि माझी छाती फुगली. माझं काम एकच होतं, खोटी खरेदी करायची. बनवणाऱ्यांसाठी तशी सोय असते. बटण दाबलं की पावती येते, पण कोणाच्या खिशातून काही जात नाही. तुम्ही भातुकलीत खडे देऊन साखर घेता ना, अगदी तसं.

माहरुखने पहिलं बटण बनवलं, ते खालाला दाखवलं, आणि घरात भडका उडाला. बटणावर लिहिलं होतं, 'महिना नव्वद हजार तुमान. घ्या.'

"हे काय?" खाला ओरडली. "दारात आलेल्या बाईच्या तोंडावर किंमत फेकायची? आपल्या सात पिढ्यांत कोणी केलंय का असं?"

"खाला, ते दुकान आहे."

"दुकानात तरी कोण असं बोलतं? आपला धाग्यावाला अली-आगा बोलतो का?"

हे मात्र खरं होतं. आमच्याकडे तुम्ही किंमत विचारा, दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणणार, "तुमच्यापुढे त्याची काय किंमत! असंच न्या." खरोखरच असंच उचलून चालू लागलात, तर तुम्ही वेडे ठराल. तुम्ही म्हणायचं, "नाही नाही, सांगा ना." तो म्हणणार, "लाजवू नका हो." तुम्ही तिसऱ्यांदा आग्रह केलात की मगच तो खरा आकडा सांगणार, आणि तो आकडा काही कमी नसतो बरं का!

खालाने हट्टच धरला. एखादी बाई वर्गणी भरायला आली, तर तिला दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. त्यासाठी तिने स्वतःच्या आवाजात तीन वाक्यं भरून दिली. पहिल्यांदा दाबलं की, "अगं राहू दे, तुझ्यापुढे याची काय किंमत!" दुसऱ्यांदा, "लाजवू नकोस गं." तिसऱ्यांदा, "बरं बाई, तुझ्या शब्दाबाहेर मी नाही." माहरुख हसून हसून लोळली. पण बायकांना हे आवडेल हे तिलाही पटलं, आणि तिने तसं बनवलं.

घोळ तिथेच झाला. वाक्यं तिने एकामागून एक नीट लावली. पण पैसे मागण्याची आज्ञा तिसऱ्या वाक्याला बांधायची, ती राहिली बटणालाच. म्हणजे तीनदा दाबलं की पैसेही तीनदा मागितले जाणार! एका घरातल्या बाईला बहिणीसाठीही वर्गणी भरता यावी म्हणून, एकदा घेतलेलं पुन्हा घेता येणार नाही, ही कडीही तिने घातली नव्हती. माझ्याकडे दर वेळी तीन पावत्या आल्या. मी तीनदा टिणटिण केलं. माहरुख म्हणाली, "आधीच्या तपासणीतल्या राहिल्या असतील," आणि तिने त्या पुसून टाकल्या. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती. पण फोनला बोलता कुठे येतं? फोनमधून दुसरेच बोलतात.

ॲपच्या दुकानाचा तपासनीस होता, त्याने एकदा ते परत पाठवलं. "खानूम, तुमचं ॲप नको नको म्हणतं आणि मग पैसे घेतं, हे कसं चालेल? किंमत लिहा." माहरुखने खाली बारीक अक्षरात किंमत लिहिली. मग ते पास झालं.

पहिल्या महिन्याच्या शेवटी माहरुखने पावत्या मोजल्या. एकशे वीस! चाळीस जणी येतील की नाही याची धाकधूक होती, तिथे एकशे वीस!

"एकशे वीस बायका!" खालाने कमरेवर हात ठेवले. "बघ, मी काय सांगत होते? प्रेमाने बोललं की माणसं येतात." तिने गल्लीभर पिस्त्याची मिठाई वाटली. माझ्याही काचेवर कौतुकाने थोपटलं, तिथे साखरेचा डाग पडला. तो डाग मी अभिमानाने मिरवला.

दुसऱ्या महिन्यात पावत्या आल्या अठ्ठ्याहत्तर. तिसऱ्या महिन्यात बेचाळीस. तक्रार मात्र एकही नाही. एक शब्द नाही. माहरुखने दोघी-तिघींना फोन केले, तर सगळ्यांचं उत्तर एकच, "छे हो, ॲप छान आहे, खालाच्या गळ्याला दृष्ट लागू नये! सध्या विणणंच जरा कमी केलंय."

खालाने त्यातून आपला अर्थ काढला. "माझा आवाज गेला," ती म्हणाली. "खरखरतोय. कोणी तोंडावर म्हणत नाही, एवढंच." तिने घशासाठी बिही नावाच्या फळाच्या बियांचा काढा सुरू केला. सकाळी काढा, दुपारी काढा. थंड पाणी बंद झालं, लोणचं बंद झालं. आरशासमोर उभी राहून ती "दोन लाल, एक पिस्तई" म्हणून बघायची आणि मान हलवायची. नवरोजला तीन आठवडे राहिले होते. एके दिवशी तिने रुमाल डोक्याला घट्ट बांधला आणि जाहीर केलं, "माहरुख, बंद कर ते. बायकांना माझ्या भिडेखातर पैसे भरायला लावायचे, हे मला नको."

"खाला, तुझ्या आवाजाला काहीही झालेलं नाही!"

"मग मला ऐकव. तुझ्या त्या खोट्या खरेदीने नाही. गिऱ्हाईक ऐकतं तसं ऐकव. माझे पैसे घे, माझ्यावर उपकार नकोत."

माहरुखने डोक्याला हात लावला, पण खालापुढे कोणाचं चाललंय! माझ्यातला खोट्या खरेदीचा खटका तिने बंद केला आणि खालाच्या बँकेच्या खात्यातले थोडे पैसे माझ्यात भरले. खाला चष्मा लावून बसली. तिने बटण दाबलं.

"अगं राहू दे, तुझ्यापुढे याची काय किंमत!" तिचाच आवाज म्हणाला.

"नाही नाही, घ्या," खाला माझ्याशी आदबीने बोलली आणि तिने पुन्हा दाबलं. मग तिसऱ्यांदा दाबलं. आणि मी टिणटिण केलं. एकदा, दोनदा, तीनदा.

खाला माझ्याकडे बघत राहिली. "माहरुख, हा तीनदा का वाजला गं?"

माहरुखने मला हातात घेतलं. खात्यातून दोन लाख सत्तर हजार गेले होते.  मग तिने जुन्या पावत्यांची नावं एकेक करून पाहिली. प्रत्येक नाव तीनदा. एकशे वीस बायका कधी नव्हत्याच. चाळीसच होत्या, आणि प्रत्येकीकडून दर वेळी तिप्पट पैसे गेले होते.

"आणि एकीनेही विचारलं नाही?" माहरुख पुटपुटली.

"कशा विचारतील?" खाला म्हणाली. "दारात उभं राहून हिशेब मागायचा का? मी तरी मागितला असता का?" आणि तिने चष्मा काढून ठेवला. आवाज गेला असता तर ती रडून मोकळी झाली असती. पण चाळीस घरांत आपल्या नावाने चोरी झाली, हे तिला सोसवेना.

बटण माहरुखने तासाभरात दुरुस्त केलं. पैसे परत करणं मात्र महाकठीण निघालं. खाला एकेकीला फोन लावायची आणि चूक सांगायची. पलीकडून उत्तर यायचं, "अहो खाला, काय हे! तुमच्यापुढे पैशाची काय किंमत! राहू द्या." खाला तीनदा आग्रह करायची, बाई चार वेळा नाही म्हणायची. कोणी आपला खाते क्रमांक सांगेना. संध्याकाळपर्यंत एकीचेही पैसे परत गेले नाहीत. खालाने फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "सगळ्यात आधी वर्गणी कोणी बंद केली?"

"आरानच्या नोसरत-खानूमने. पहिल्याच महिन्यानंतर."

दुसऱ्या दिवशी सकाळी खालाने मला पिशवीत घातलं आणि टॅक्सीने आरानला गेली. माहरुख बरोबर होती. नोसरत कारखान्यात खालाच्या हाकेवर वीस वर्षं विणत होती. तिने दार उघडलं, गळ्यात गळे पडले, चहा आला, खडीसाखर आली, वर फळं-काकड्यांची परात आली. माग कोपऱ्यात होता आणि त्यावर चादर टाकलेली होती. खालाने ती उचलली. मधलं मोठं फूल अर्धंच विणलेलं होतं आणि धाग्यांवर धूळ होती.

"डोळे दुखतात," नोसरत घाईने म्हणाली. "कागद वाचवत नाही. सवडीने करीन."

"नोसरत, तुझे पैसे जास्त गेलेत. हे घे."

"छे, छे! तुमच्यापुढे..."

"पुरे!" खालाने एवढ्या जोरात म्हटलं की परातीतली काकडी घरंगळली. "मी इथे तकल्लुफाचं गोड बोलायला आलेली नाही. सरळ विचारते, सरळ सांग. पहिल्या महिन्यात तीनदा पैसे गेले, तेव्हा तुला काय वाटलं?"

नोसरतने मान खाली घातली. तिने चहाच्या पेल्याशी चाळा केला. मग एकदम बांध फुटला.

"चोर वाटलात, तूबा-खानूम! वीस वर्षं तुमच्या आवाजावर गाठी मारल्या. तुम्ही लाल म्हणालात तर मी लाल, डोळे झाकून! आणि एवढं गोड गोड नको नको म्हणून तीनदा घेतलेत! मला वाटलं, म्हातारपणी हिलाही हाव सुटली. मी आठवडाभर रडले. पण हे तुम्हाला म्हणू कशी? म्हणून बंद केलं."

 माहरुखने जीभ चावली. खालाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि मग, खरं सांगतो मित्रांनो, ती हसायला लागली. खांदे हलवून हसायला लागली.

"अगं भवाने! हे तू तेव्हाच फोन करून म्हणाली असतीस, तर मी महिनाभर तो कडू काढा प्यायले नसते!"

"काढा कशाला?"

"मला वाटलं माझा गळा गेला!"

"तुमचा गळा?" नोसरत डोळे पुसत म्हणाली. "तुमचा गळा कयामतपर्यंत जायचा नाही. गेली होती ती नियत, असं मला वाटलं होतं."

मग दोघी एकमेकींच्या हातावर टाळ्या देत हसल्या. नोसरतने पैसे मुकाट्याने घेतले, मोजूनसुद्धा घेतले. "भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही," ती म्हणाली. "बाकीच्यांना तुम्ही फोन करू नका. तुम्ही विचारलंत तर सगळ्या राहू द्याच म्हणणार. मी विचारते, बघा कशा शिव्या देतात."

आणि दिल्या हो! एकेक फोन लागत गेला आणि खाला शेजारी बसून निमूट ऐकत गेली. एक म्हणाली, मला लुबाडलं. दुसरी म्हणाली, मी नवऱ्याला सांगितलंच नाही. तिसरी तर रडकुंडीला येऊन म्हणाली, "मला वाटलं माझंच बोट चुकलं. मला या बटणांतलं काय कळतं!" खालाने प्रत्येकीची माफी मागितली. दुपारच्या जेवणापर्यंत बाकीच्या एकोणचाळीस जणींचे खाते क्रमांक माहरुखच्या वहीत आले होते.

घरी आल्यावर खालाने आधीची तिन्ही वाक्यं पुसायला लावली आणि घसा खाकरून नवं वाक्य भरलं. आता बटणाजवळ मोठ्या अक्षरात किंमत आहे, आणि दाबायच्या आधीच खाला म्हणते, "महिना नव्वद हजार तुमान, एकदाच जातील. पुढच्या महिन्यात आपोआप पुन्हा जातील. नको असेल तेव्हा खालचं बटण दाब, मी अजिबात रागावणार नाही." माझ्यावर ते सतरा वेळा तपासलं. सतरा वेळा एकेकच पावती आली. नवरोजच्या आत वर्गणीदार बायका पुन्हा अडतीस झाल्या, आणि भाडं निघून वर मिठाईपुरते पैसे उरले.

उन्हाळ्याच्या तोंडावर नोसरतचा गालिचा मागावरून उतरला. लगेच तिने वर्गणी बंद केली. कारण विचारतात तिथे तिने लिहिलं होतं, 'गालिचा झाला. दुसरा लावीपर्यंत उगाच पैसे का देऊ?' पूर्वीची खाला असती तर अंथरूण धरून बसली असती. या वेळी तिने ते माहरुखकडून दोनदा वाचून घेतलं आणि मांडीवर थाप मारली. "अगदी बरोबर! का द्यायचे?"

मित्रांनो, मी आता टेबलावर असतो, खणात नाही. तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल. ते विनाकारण वाजलं, खडखडलं, तर त्याला गप्प करण्याआधी ते का वाजतंय ते बघा. आणि माणसं आवाज न करता दूर जाऊ लागली, तर उठून त्यांच्या दारात जा आणि सरळ विचारा. माझ्या या फुटक्या कानाने आजवर गोड बोलणं खूप ऐकलं. पण त्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य कोणतं म्हणाल, तर ते 'चोर वाटलात, तूबा-खानूम' हेच. ते वेळेवर म्हणणारी एक तरी नोसरत तुमच्याजवळ असू द्या, आणि ती तसं म्हणाली तर तिच्यावर रुसू नका.